सेकंदाला एक बुडबुडा

१९ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.

गॅलिफ स्ट्रीटच्या बाजारातून आत्ताच आलो. माशांच्या टँकसाठी रोटाला नावाच्या पाणवनस्पतीच्या सहा जुड्या आणल्या. सध्या हिरव्या आहेत. विकणारा म्हणाला, दादा, ही पाण्याखाली लालभडक होते, पण हिला कार्बन डायऑक्साइड पाजावा लागतो, नुसत्या पाण्यावर ही भुलत नाही. म्हटलं, माहीत आहे. माहीत नव्हतं. पण ज्याने अठ्ठावीस वर्षं विमा कंपनीत बसून लोकांचे दावे नाकारले, त्याने फुटपाथवर उभं राहून अज्ञान कबूल करायचं म्हणजे फारच झालं.

संकल्प : संक्रांतीच्या आत रोटाला लाल. पानापानावर ऑक्सिजनचे मोती. आणि गॅस सोडायची पद्धत संपूर्ण बिनआवाजी. कारण टँक आईच्या खोलीत आहे आणि आई एक्क्याऐंशी वर्षांची आहे. तिला त्रास होता कामा नये.

केतकी विचारते, टँक आईच्याच खोलीत का? खोली उत्तरेची आहे, ऊन येत नाही, शेवाळ धरत नाही. हे तिला तीनदा सांगून झालं. ती बँकेत आहे. बायको म्हणून ठीक आहे, शास्त्र कळत नाही.

२० नोव्हेंबर. सकाळी.

पुष्कळ वाचलं. सगळ्यांचं एकमत : एअर पंप आधी बंद करा. पंपाच्या खळबळीने पाण्यातला गॅस उडून जातो. दोन वर्षं रात्रंदिवस गुरगुरणारा पंप काढून कपाटाखाली सरकवला. खोलीत काय शांतता!

दहा मिनिटांनी आई म्हणाली, घोंतन, मासे मेले का रे? म्हटलं, नाही, का? तर म्हणे, आवाज नाही. म्हटलं, आई, आता आवाज नाहीच. आता तुला स्वस्थता. ती टँककडे बघत राहिली. भारावली असावी.

(चोपन्न वर्षांच्या माणसाला घोंतन म्हणणारे जगात दोघेच उरलेत. आई आणि दुर्गापूरची दिदी. दोघींना माझं नाव तमोनाश पाकडाशी आहे हे ठाऊक असावं, पण पुरावा नाही.)

२४ नोव्हेंबर.

दिदीचा फोन. हेडमास्तरीण निवृत्त झाली तरी पट्टी हातातच. म्हणाली, आईचा आवाज बारीक झालाय, हो-नाहीपलीकडे बोलत नाही, काय करतोस तू तिचं? म्हटलं, दिवसाचे सहा तास मी तिच्या खोलीत असतो. असा दुसरा मुलगा दाखव. म्हणाली, सहा तास काय करतोस? इथे नेटवर्क गेलं. म्हणजे मी घालवलं.

परत फोन. संक्रांतीला येतेय. आई मला ठीक दिसली नाही तर सोबत घेऊन जाईन. वाद नको.

वाद कसा नको? आईला मुलीकडे पाठवायचं? गल्लीत सगळ्यांना माहीत आहे की मी आईसाठी स्वेच्छानिवृत्ती घेतली. मीच सांगितलंय. (प्रमोशन त्या सामंतला मिळालं हा निव्वळ योगायोग.) आई गेली तर मी घरी कशासाठी बसलोय हे लोक विचारणार. आणि लोक सोडा, केतकी विचारणार.

संकल्प : आईची खोली कोलकात्यातली सर्वांत शांत खोली करून दाखवायची. दिदी आत येईल, लाल बगीचा बघेल, शांतता ऐकेल आणि गप परत जाईल.

२७ नोव्हेंबर.

दुसऱ्या मजल्यावरच्या भादुडीकडे पाहणीला गेलो. त्याचा चार फुटी टँक, जर्मन रेग्युलेटर, काळा सिलिंडर. चहा दिला, बिस्किट दिलं, आणि पाऊण तास सिलिंडरवर प्रवचन दिलं. म्हणाला, तमोनाशबाबू, झाडं वाढवायची तर सिलिंडर आणा, नाहीतर प्लास्टिकची लावा, पुसायला सोपी. त्याचा व्हॉल्व्ह टायमरवर चालतो. चालू होताना टक्क करतो. दिवसातून दोनदा. मी म्हटलं, फार आवाज करतो हो तुमचा. भादुडीचा चेहरा बघण्यासारखा झाला.

घरी नुसता सिलिंडर हा शब्द उच्चारला. केतकी म्हणाली, आईंच्या उशाशी बाटला ठेवणार? आधी माझ्या छातीवर ठेव. अडाणीपणाला उपाय नाही. तसाही सिलिंडर म्हणजे धीर नसलेल्यांचा मार्ग.

२९ नोव्हेंबर.

द्रवरूप कार्बन. बाटलीतून रोज एक टोपण ओतायचं. यंत्र नाही, नळी नाही, आवाज शून्य. मनुष्यजात उगाच धडपडते.

आई म्हणाली, इस्पितळासारखा वास येतोय, कुणाला काय झालं? एक्क्याऐंशीव्या वर्षी नाक इतकं तल्लख! दिदीला फोनवर मुद्दाम सांगितलं.

३ डिसेंबर.

लांब पात्यांचं गवत, जे दोन वर्षं माझ्या कर्तृत्वावर वाढलं होतं, त्याची चार दिवसांत पेज झाली. बोट लावलं की विरघळतं. बाटलीमागे अगदी बारीक अक्षरात लिहिलंय की या जातीला चालत नाही. बारीक अक्षरात काय लिहितात ते मला शिकवू नका, मी विमेवाला आहे. पण स्वतःच्या घरात कोण वाचतो?

५ डिसेंबर.

नवी पद्धत. दोन बाटल्या, एकीत सायट्रिक ॲसिड, दुसरीत खायचा सोडा. थेंब थेंब मिसळतात, गॅस होतो. जागा हवी होती, म्हणून आईचं औषधांचं टेबल घेतलं. औषधं खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. उठावं लागतं, पण डॉक्टरांनी तिला हालचाल सांगितलेलीच आहे.

८ डिसेंबर. दुपारी ३.

आईच्या वामकुक्षीत बाटलीचं झाकण उडालं. आवाज बंदुकीसारखा. झाकण छताला लागून पंख्यावर जाऊन बसलं. आई उठून बसलेली, हात कानांवर. म्हणाली, गोळी चालली का रे? घाटावर कोण आहे? म्हटलं, आई, हे कोलकाता आहे, हा खायचा सोडा आहे. तेवढ्याने ती बरिसालला, फाळणीत सुटलेल्या तिच्या गावी, जाऊन पोचली. तिथल्या तळ्याची गोष्ट सुरू केली. मी शिडीवर होतो, झाकण काढत. काही ऐकू आलं नाही.

वास्तविक एवढा मोठा आवाज तिला व्यवस्थित ऐकू आला. म्हणजे कानही उत्तम. हे दिदीला सांगितलं नाही.

१० डिसेंबर, रविवार.

बाजारातल्या त्याच माणसाने अखेर खरं सांगितलं. म्हणाला, दादा, साखर, पाणी आणि चिमूटभर यीस्ट. बाटलीत आंबत ठेवा, गॅस आपसूक येतो, आवाजही नाही. मग हे मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंस? तर म्हणे, तुम्ही म्हणालात माहीत आहे.

केलं. चालू. टँकमध्ये बारीक बारीक बुडबुडे, धुक्यासारखे. टाचणी पडली तर ऐकू येईल अशी खोली. मी जिंकलो.

१३ डिसेंबर.

आता प्रमाण. शास्त्र सांगतं, सेकंदाला एक बुडबुडा. कमी पडला तर झाड उपाशी, जास्त झाला तर मासे गुदमरतात. नळीत एक काचेची कुपी असते, तिच्यात बुडबुडे मोजायचे. सकाळी पाच मिनिटं, दुपारी पाच, संध्याकाळी पाच. स्टूल टँकसमोर, घड्याळ मांडीवर, आईचा पलंग पाठीमागे.

आज एक्केचाळिसाव्या बुडबुड्याला आईने सुरू केलं. घोंतन, आमच्या तळ्यात एक रोहू होता बघ, माझ्या आजोबांनी त्याच्या नाकात सोन्याची नथ घातली होती, लग्नघरात पहिली हळद त्याला… मी बोट वर केलं. ती थांबली. मोजणी परत एकपासून.

१६ डिसेंबर.

सकाळी : तीस. आई म्हणाली, आम्ही निघालो त्या दिवशी आजोबा घाटाच्या पायरीवर बसले आणि… बोट. परत एकपासून.
दुपारी : एकशे सतरा. आई म्हणाली, कोण आहे? म्हटलं, मी. परत एकपासून.
संध्याकाळी : सगळे मोजून झाले. आई झोपलेली होती. किंवा भिंतीकडे तोंड करून होती.

या घरात एखाद्या माणसाला सलग पाच मिनिटं एकाग्र होता येऊ नये!

१९ डिसेंबर.

आईला नीट समजावलं. रागावून नाही. म्हटलं, मी मोजत असताना बोलत जाऊ नकोस, हे तुझ्याच शांततेसाठी चाललंय. ती म्हणाली, हो बाबा. लगेच समजली. बायका उगाच म्हणतात की म्हातारी माणसं ऐकत नाहीत.

२५ डिसेंबर.

थंडी पडली. यीस्ट झोपलं. पाच सेकंदांना एक बुडबुडा. बाटलीखाली गरम पाण्याची पिशवी ठेवली. पिशवी घरात एकच, आईच्या पायाशी असते. तिला विचारलं. म्हणाली, घे बाबा. तासाभरात तीन सेकंदांना एक!

२९ डिसेंबर.

बाटलीला आईची तपकिरी शाल गुंडाळली. वरून तिची माकडटोपी चढवली, बरोब्बर बसली. केतकी बँकेतून आली, दारातच थांबली. म्हणाली, बाटलीला टोपी, आणि आई उघड्या डोक्याने? म्हटलं, आईला विचार, तिला थंडी वाजत नाहीय. केतकीने विचारलं. आई म्हणाली, हळू बोल गं, तो मोजतोय.

मी तेव्हा मोजत नव्हतो. पण मुद्दा तिच्या लक्षात राहिलाय हे बरं.

केतकीने स्वतःचा स्कार्फ तिच्या डोक्याला बांधला आणि माझ्याशी बोलणं सोडलं. घर आणखी शांत.

१ जानेवारी.

नवं वर्ष. रोटाला हिरवीच. एका पानाची कड गुलाबी आहे असं मला वाटतं. भादुडीला बोलावून दाखवली. म्हणाला, ती कुजतेय. मत्सर.

६ जानेवारी.

दिदीने कुणाच्या तरी हाती माजदियाहून नवा नॉलेन गूळ पाठवला. मडकंभर, पातळ, काकवीसारखा. खजुरीच्या रसाचा, पहिल्या थंडीतला. निरोप : संक्रांतीच्या पिठ्यांसाठी (तांदळाच्या गोड पोळ्यांसाठी) आहे, आईला दाखव, वास घेऊ दे.

आईने मडकं मांडीवर घेतलं. तोंडावरचं फडकं सोडून वास घेतला. बराच वेळ तशीच बसली. मग हिशेब सुरू, पाटीशाप्टाची पिठी किती, खोबरं किती, खवा कुठून आणायचा. महिन्याभरात इतकं बोलली नव्हती. मी पंच्याऐंशीवर होतो. बोट वर केलं.

१३ जानेवारी.

परवा दिदी. बुडबुडा : आठ सेकंदांना एक. टोपी, शाल, पिशवी, सगळं करूनही. साखरेत दम नाही. साखर ही मुळात गिरणीतली, मेलेली चीज.

१४ जानेवारी, रविवार. सकाळी ९.

सुचलं! आणि सुचलं तेव्हा स्वतःचीच कीव आली, इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. खजुरीच्या रसाला कुणी आंबायला शिकवावं लागत नाही. सकाळचा रस दुपारपर्यंत ठेवला की खेड्यातले लोक तो पिऊन गाणी म्हणतात. आंबणं हे त्याच्या रक्तात आहे. मग त्याच रसाच्या गुळात यीस्ट घातलं तर? जर्मन रेग्युलेटरवाल्या भादुडीला हे सात जन्मांत सुचणार नाही. त्याला माणूस बंगाली असावा लागतो, आणि डोकंही असावं लागतं.

वाटीभरच घेणार आहे.

सकाळी १०. वाटीने भागत नाही. अर्धं मडकं.

१०.२०. तळाशी उरलेलं ठेवून तरी काय करायचं? पिठ्यांना पाटाळी गुळाची ढेप आणता येईल. आईला काय फरक कळणार आहे?

११.३०. सेकंदाला एक!! नव्वद दिवसांत… छप्पन्न दिवसांत प्रथमच! आई शेजारून म्हणाली, घोंतन. बोट.

१२.१५. सेकंदाला दोन. रोटालाच्या पानांवर मोती! खरे मोती, चांदीसारखे, वर सुटणारे. डोळ्यांत पाणी आलं.

१२.४५. सेकंदाला किती ते मोजता येत नाही. यशाचं लक्षण. भादुडीला आणायला जातोय. त्याने हे बघितलंच पाहिजे.

संध्याकाळी ६.

भादुडी जेवत होता. त्याची वाट बघत बसलो, मग त्याच्या टँकच्या चुका दाखवल्या. पाऊण तास गेला असेल.

आलो तर टँकमध्ये चहा. दुधाचा. बाटली उतू जाऊन फेस नळीतून टँकमध्ये, टँकमधून जमिनीवर, जमिनीवरून आईच्या सपातांमध्ये. सगळं आवाज न करता. एवढा नामी बिनआवाजी प्रकार की शेजारच्या खोलीतल्या केतकीलाही कळलं नाही. वीसपैकी सोळा निऑन मासे उताणे. माकडटोपी तपकिरी होतीच, त्यामुळे तिच्यावर दिसत नाही.

आई पलंगावर बसलेली, चेहरा एकदम उजळलेला. म्हणाली, काय सुंदर वास सुटलाय रे, पिठी करायला घेतली का? एक दे ना गरम.

भादुडी माझ्यामागे उभा होता. त्याने वाकून आईच्या सपाता उचलल्या आणि मोरीत धुऊन आणल्या. आगाऊ माणूस.

१५ जानेवारी. संक्रांत.

केतकीने कोपऱ्यावरच्या दुकानातून ढेप आणून पिठी केली. आईने अर्धी खाल्ली, बाजूला ठेवली. म्हणाली, छान झालीय गं. मग मला हळूच विचारलं, ते मडकं दिसत नाही? म्हटलं, फुटलं. म्हणाली, जाऊ दे, तुला कुठे लागलं नाही ना?

दिदी अकराला आली. टँककडे बघितलंही नाही. (नऊ बादल्या पाणी बदललं होतं.) खिडकीच्या कट्ट्यावरची औषधं बघितली, स्टूल बघितलं, स्टुलाची दिशा बघितली. पलंगावर बसली आणि आईचे पाय हातात घेतले. म्हणाली, बर्फ झालेत. पिशवी कुठे आहे? पिशवी तिला दिसतच होती.

मी म्हटलं, दिदी, आधी खोलीतली शांतता बघ. ती म्हणाली, बघतेय. घोंतन, एक शब्द बोललास तर त्या बाटलीने मारीन.

मग आईला विचारलं, येतेस माझ्याकडे? घर लहान आहे, नातवंडं ओरडतात, खालच्या मजल्यावर शिवणाची मशीन चालते दिवसभर.

मी निश्चिंत होतो. अशा गोंगाटात कोण जाईल?

आई म्हणाली, दिवसभर चालते? येते.

सामान फार नव्हतं. निघताना म्हणाली, ते गुरगुरणारं यंत्र आहे का अजून? मला वाटलं, टाकून द्यायला सांगतेय. कपाटाखालून काढलं. तिने पदराने पुसून पिशवीत घातलं. दिदीने विचारलं, हे कशाला गं? तर म्हणे, तुझे बाबा असेच घोरायचे. ते सुरू असलं की वाटायचं घरात कोणीतरी आहे.

वयामुळे होतं असं. सहा तास मी होतो ना घरात.

१८ जानेवारी.

केतकी चार शब्द बोलली. आण आता सिलिंडर, म्हणाली. तिथे झोपतंय कोण?

२१ जानेवारी, रविवार.

सिलिंडर बसला. भादुडीने स्वतः बसवून दिला, टक्क न करणारा व्हॉल्व्ह शोधून आणला. पैसे घेईना. जाताना आईबद्दल म्हणाला, मासीमांना सांगा, भादुडीने विचारलंय. गल्लीत आणखी दोघांनी विचारलं, आई कुठे? म्हटलं, हवापालट.

४ फेब्रुवारी.

रोटाला लाल. रक्तासारखी. विकणारा खोटं बोलला नव्हता. मोती आहेत. आवाज शून्य. फोटो काढला. कुणाला पाठवायचा ते ठरेना, म्हणून विकणाऱ्याला पाठवला. त्याने अंगठा पाठवला.

७ फेब्रुवारी. सकाळी ११.

आईला फोन केला. मागे पोरांचा दंगा, शिवणाची मशीन, आणि त्या सगळ्याखाली पंपाची गुरगुर. दिदीने बादलीत पाणी भरून पलंगाखाली लावून दिलाय म्हणे. मासा एकही नाही. आईचा आवाज चांगला खणखणीत. माझं जेवण विचारलं, केतकीचं विचारलं, भादुडीचं विचारलं.

सहज म्हटलं, आई, ती तळ्याची गोष्ट. आजोबा घाटावर बसले आणि काय झालं?

ती म्हणाली, राहू दे बाबा. तुझं मोजणं चुकेल.

दिदीने फोन घेतला. म्हणाली, मुलांना सांगून झालीय ती गोष्ट, तीनदा. हवी असेल तर इथे येऊन ऐक.

बघू. या आठवड्यात मला टँक सोडता येत नाही.

८ फेब्रुवारी.

सकाळची मोजणी. स्टूल, घड्याळ, दार बंद. सेकंदाला एक, अगदी नियमित. त्रेसष्टला चुकलो. परत एकपासून. अठ्ठ्याऐंशीला चुकलो.

कोणी बोललं नव्हतं.